डाव्या हाताचं खळं

ती केस मी विसरले असा एक दिवस गेलेला नाही. तेहतीस वर्षं अंगावर खाकी घातली, खून पाहिले, दरोडे पाहिले, तरी कोणी "एखादी केस सांगा ना" म्हटलं की मला तीच आठवते. तिच्यात रक्त सांडलं नाही की कोणाला बेड्या पडल्या नाहीत. ती उलगडली तीही ठाण्यात नाही. निवृत्तीनंतर, परक्या देशाच्या राजधानीत, रियाधमध्ये उलगडली. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. माणसं आता आपापल्या घरी आहेत, त्यांना तसंच राहू द्या.

मी दहावीनंतर भरती झालेली शिपाई. पुढचं सगळं ठाण्यातच शिकले. लॉकअपच्या पहाऱ्यावर बसून कायद्याची पुस्तकं वाचली, खात्याची परीक्षा दिली, दोनदा आपटले, तिसऱ्यांदा फौजदार झाले. शेवटची नेमणूक रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्यात होती. मी मूळची साताऱ्याकडची, त्यामुळे कोकणातलं पुष्कळ काही मला नव्यानं कळलं. त्यातलंच एक म्हणजे खळं.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक बाई ठाण्यात आली. डोक्यावरून ओढणी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि एक फोटो. नवरा गवंडी, रियाधला कामाला. सात महिने झाले, फोन नाही, निरोप नाही, नंबर बंद.

मी मिसिंगचा फॉर्म काढला. वय, उंची, बांधा, रंग. "ओळखायची खूण?" मी विचारलं. "तीळ, व्रण, काही?"

ती विचार करून म्हणाली, "त्यांचा हात डावा हाय. त्यांनी चोपलेल्या खळ्याचे चांद उलटे फिरतात, मॅडम. गावात कोणपण ओळखील."

ठाणे अंमलदार हसायला लागले. मीही हसले असेन. मग तिनंच मला समजावलं. खळं म्हणजे घरापुढचं मातीचं अंगण. पाऊस संपला की ते खणायचं, पाणी मारायचं आणि चोपण्यानं, म्हणजे दांडा असलेल्या लाकडी फळीनं, ठोकून सपाट करायचं. चोपणारा मागे मागे सरकत जातो आणि फळीच्या गोलसर कडेच्या चंद्रासारख्या कोरी मातीत उमटत जातात. उजव्या हाताच्या माणसाच्या कोरी एका अंगाला कलतात, डावखुऱ्याच्या दुसऱ्या. तिचा नवरा परदेशी जाण्याआधी अख्ख्या वाडीची खळी चोपायचा.

आता हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? मी 'डावखुरा' एवढंच लिहिलं. बाकीचं माझ्या खाजगी डायरीत टिपून ठेवलं, बाईच्या फोन नंबरच्या शेजारी. फॉर्ममध्ये मावत नाही ते डायरीत लिहायचं, ही माझी जुनी सवय.

तपास केला तो रीतसर. फोटोचं पत्रक छापलं, वर पोलिसांचं बोधचिन्ह, खाली ठाण्याचा गोल शिक्का आणि माझी सही. एसटी स्टँड, जेटी, बाजार, सगळीकडे लावलं. बीट अंमलदाराला गणवेशात वाडीवर पाठवलं, ज्यांची माणसं आखातात आहेत अशा घराघरात चौकशी करायला लावली. दूतावासाला पत्र गेलं. उत्तर आलं की त्याच्या मालकानं, म्हणजे कफीलनं, 'हा काम सोडून पळाला' अशी तिकडे नोंद केली आहे. त्या नोंदीला हुरूब म्हणतात. ती झाली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मेला. पुढे माग लागला नाही.

ती बाई दर महिन्याला यायची. निवृत्तीच्या दिवशी मी प्रलंबित कागदांचा चार्ज देत होते, तेव्हाही दारात उभी. "तुम्ही चाललात," ती म्हणाली, "मंग माझ्या कागदाचा काय?"

मी तो कागद चार्जच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. हार घालून घरी गेले, पण तो हार गळ्याला टोचत राहिला.

लेक आणि जावई दोघंही रियाधला. ती एका कंपनीत संगणकाच्या कामावर, तो बँकेत. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा मिसिंगला साडेचार वर्षं होत आली होती. नव्या गावात बदली झाली की मी आधी हद्द समजून घ्यायचे. इथेही पहिल्याच आठवड्यात जावयाला विचारलं, "या शहराचा कारभार बघतं कोण?"

"आई, फिरायला आलात की चार्ज घ्यायला?" तो म्हणाला. पण सांगितलं त्यानं. प्रांताचा अमीर, म्हणजे राज्यपाल, वेगळा, महापालिका वेगळी. तिला अमाना म्हणतात, आणि तिच्या हाताखाली भागाभागाच्या कचेऱ्या, त्या बलदिया. आपल्याकडची वॉर्ड ऑफिसं समजा. शहराचा इतिहास मी वस्तुसंग्रहालयातल्या पाट्या नातीकडून वाचून घेऊन शिकले. सत्तरेक वर्षांपूर्वीपर्यंत हे मातीच्या तटाच्या आतलं गाव होतं. संध्याकाळी वेशी बंद व्हायच्या. मग तट पाडला, जेद्दाहून मंत्रालयं इथे आणली, आणि गाव चहूकडे असं सुटलं की आज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मोटारीतून जाताना माझी एक डुलकी होते. धनिक लोक उत्तरेला नव्या बंगल्यांत गेले. जुन्या मातीच्या घरांत आपल्यासारखे परदेशी कामकरी येऊन राहिले. आता त्यातली काही घरं बलदिया पाडते आणि काही डागडुजी करून जपतात.

अशाच एका जपलेल्या घरी आम्ही शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गेलो. मालक ऐंशीच्या घरातले, लहानपणी तटावर पळाल्याच्या गोष्टी सांगणारे. घर पाडू दिलं नाही, उलट लोकांना बघायला उघडलं. जावई अरबीतलं मराठीत करून सांगत होता. कॉफीचा घोट घेताना माझी नजर अंगणाच्या जमिनीवर गेली, आणि कप हातातच राहिला.

मातीत कोरी होत्या. एकीला एक लागून, ओळीनं. आणि सगळ्या उलट्या कललेल्या.

"ही जमीन कोणी केली, विचारा," मी जावयाला म्हटलं.

मालक खूश झाले. म्हणाले, एक हिंदी मिस्त्री येतो. तिकडे भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात. यांची माणसं जमीन पायानं तुडवून करायची, तर हा स्वतः घडवलेल्या लाकडी फळीनं ठोकतो, आणि डाव्या हातानं.

नात माझ्या तोंडाकडे बघत होती. "आजी, नो इन्व्हेस्टिगेशन हिअर, ओके? मम्मीने बोला है."

"गप गं. कॉफी पी."

घरी येऊन डायरी काढली. बाईला फोन करावा असं हजारदा वाटलं, पण केला नाही. खात्री झाल्याशिवाय घरच्यांना कळवायचं नाही, हा नियम मी एकदा मोडला होता आणि एका आईला दोनदा रडायला लावलं होतं.

घाई मात्र होतीच. ज्यांचे कागद मेले आहेत अशांना दंड न घेता, तुरुंगात न टाकता मायदेशी जाऊ देण्याची मुदत सरकारनं दिली होती, आणि ती संपायला नऊ दिवस उरले होते. मुदतीत गेला तर सरळ घर. नंतर सापडला तर आधी कोठडी, आणि पुढचं कोणी सांगावं?

शनिवारी मी त्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाला रायगडच्या किनाऱ्याकडचा, पन्नाशीचा, गोड बोलणारा. मुदतीची नोटीस त्याच्याही भिंतीवर चिकटवलेली होती. दोन बिनदुधाचे सुलेमानी चहा पिऊन झाल्यावर मी सहज विचारलं, "इथं आपल्याकडचा एक डावखुरा गवंडी येतो ना?"

"डावखुरा? गवंडी? आपल्याकडचा?"

ठाण्यात एक गोष्ट शिकले आहे. ज्याला माहीत नसतं तो 'नाही' म्हणतो आणि गप्प बसतो. ज्याला माहीत असतं तो तुमचा प्रश्न तुम्हालाच परत देतो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं, तरी यानं फडका घेऊन टेबल पुसायला काढलं.

"असा कोण नाय इथं, खाला. बंगाली असंल कोणतरी." मावशीला ते खाला म्हणतात.

"मी त्याच्या घरच्यांना ओळखते."

फडका थांबला. "तुम्ही कोण?"

इथे मी चुकले. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तोंडातून निघून गेलं, "मी त्यांच्या ठाण्याला फौजदार होते."

"या अल्ला," एवढंच तो बोलला. चहाचे पैसेही घेईना.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले तर अंगणाचा एक कोपरा खणलेला, माती भिजवून पसरलेली, भिंतीला चोपणं टेकवलेलं आणि मिस्त्रीचा पत्ता नाही. सकाळी येऊन पाणी मारलं आणि समोरून कोणीतरी बोलावल्यावर घाईनं निघून गेला, असं मालकांनी हातवारे करून सांगितलं. जावयाला ऑफिस होतं, तो मला सोडून गेला होता. मला अरबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघं म्हातारे त्या ओल्या मातीकडे बघत उभे राहिलो.

तिथलं ऊन तुम्हाला सांगते, ओली माती तासाभरात तडकायला लागते. पुढे मी जे केलं तो सापळा होता असं सांगितलं तर कोणी शाबासकी देईल. पण खरं सांगायचं तर ती माती वाया जाताना मला बघवेना. सलवारचे पाय वर खोचले, चोपणं उचललं आणि ठोकायला लागले. पहिल्या तडाख्याला चिखल माझ्या चष्म्यावर. दुसऱ्याला मालकांच्या शुभ्र झग्यावर. ते "यल्ला, यल्ला", म्हणजे चालू द्या, म्हणत हसत होते. समोर टपरीवाला फडका खांद्यावर टाकून बघत राहिला होता. मग तो आत गेला. मी ठोकतच राहिले.

दहा मिनिटं झाली असतील. मागून आवाज आला.

"तसा नाय, मॅडम. तसा नको. फुटंल खळा."

दारात एक वाळलेला माणूस उभा, मागे टपरीवाला. दाढी पिकलेली, पायात फाटक्या सपाता. फोटोतल्या माणसाशी जुळत होते फक्त डोळे. तो माझ्याकडे बघत नव्हता, मी केलेल्या खड्ड्यांकडे बघत होता. चेहऱ्यावर अशी कळ की मी कोणाला मारतेच आहे.

मी चोपणं पुढे केलं. त्यानं डाव्या हातानं घेतलं.

 तो मागे मागे सरकत ठोकत गेला, मी पायरीवर बसून बघत राहिले. मध्येच, न थांबता, तो म्हणाला, "पळायचा कंटाळा आला, मॅडम. माझा काम होऊ दे, मंग न्या."

"कुठे नेऊ?"

"ठाण्यावर. केस हाय ना माझ्यावर."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी सांगितलान." त्यानं चोपणं खाली ठेवलं, हात पुसले आणि खिशातून तडा गेलेला फोन काढला. पडद्यावर माझं पत्रक होतं. त्याचा फोटो, वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का. वाडीतल्या कोणीतरी जेटीवरचं पत्रक मोबाईलवर टिपून इकडे धाडलं होतं. साडेचार वर्षं त्यानं ते जपलं होतं.

मग त्याचा जबाब झाला. कागद नाही, पेन नाही, फक्त तो बोलत गेला. पहिल्या मालकाकडचं काम संपलं म्हणून दुसरीकडे गेला आणि हुरूब लागला. घरी काय तोंडानं सांगायचं म्हणून काही महिने फोन केला नाही. त्याआधी त्यानं साडूच्या भावाला आणि एका शेजाऱ्याला इकडे बोलावून घेतलं होतं. सांगितलं होतं एक काम, मिळालं वाळवंटात मेंढ्या राखण्याचं. दोघं रडत परत गेले. ते तेव्हापासून त्याच्या मनाला खात होतं. तेवढ्यात हे पत्रक आलं. गणवेशातला पोलीस घरोघरी फिरतोय अशीही खबर आली. सोबत्यांनी निकाल दिला, त्या दोघांनी फसवणुकीची केस केली, तुझ्यावर वॉरंट निघालं, घरी फोन केलास तर नंबरावरून पकडतील.

"आणि खाली लिहिलंय ते वाचलं नाहीत?"

"माझी शाळा उर्दू. मराठी वाचणारा एक होता, पण शिक्का बघितलान आणि पुढं कोणी वाचलाच नाय."

मी चष्म्यावरचा चिखल पुसला आणि वाचून दाखवलं. "वरील इसम परदेशातून बेपत्ता असून त्यांच्या पत्नीने खबर दिली आहे. माहिती मिळाल्यास ठाण्याशी संपर्क साधावा." ओळी दोनच. 

 त्यानं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ही सही कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "मिस्त्री, केस तुमच्यावर नव्हती. तुमच्यासाठी होती. आणि ती मी अशी लावली की तुम्ही चार वर्षं लपून बसलात. माझं चुकलं."

तो विश्वास ठेवायला तयार नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पोलिसानं गोड बोलून बाहेर काढलेली माणसं मीच कमी पाहिलेली नाहीत. मी म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू. थांबा." डायरीतला नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन ओल्या मातीच्या कडेला ठेवला.

"हॅलो? मॅडम? तुम्ही?"

"मी बोलते. एक माणूस मिळालाय. खात्री तुम्ही करायची."

तिकडे कोंबडी ओरडत होती, एवढंच ऐकू येत होतं.  मिस्त्रीनं काय करावं? चोपणं उचललं आणि मातीवर एक ठोका मारला. मग दुसरा, तिसरा. त्याची एक लय होती, दोन जवळ, एक लांब.

तिकडचा श्वास मला ऐकू आला.

"आवाज येतोय," ती म्हणाली. "परक्यांची खळी चोपताय, होय ना? हितं चार पावसाळं झालं, माझा खळा उखडलाय. पोरी ठेचकाळतात. आपल्या घरचा कोण चोपणार? तुम्ही तिकडं नेलेल्या त्या दोघांच्या लाजेनं लपला असाल तर फिकीर नको, एकजण तर रोज विचारतो, भाऊ कधी येणार म्हणून. या आता. खलास झाला तिकडचा."

मिस्त्री त्या चिखलात बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. टपरीवाला न सांगता तीन चहा घेऊन आला. मालकांनी स्वतःच्या झग्याची पर्वा न करता त्याच्या शेजारी बसकण मारली. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण पाठीवर हात ठेवायला भाषा कशाला लागते?

पुढचे दिवस कागदांचे. जावई, जो मला "आई, इथे तुम्ही पोलीस नाही" असं रोज बजावत होता, त्यानंच दोन दिवस रजा टाकली. आधी आपल्या दूतावासातून प्रवासाचा दाखला, मग जवाजात, म्हणजे तिकडचं पासपोर्ट खातं, तिथे बोटांचे ठसे, मग परतीचा शिक्का. रांगेत आपली शेकडो माणसं होती. शिक्का बघताच प्रत्येकाचा चेहरा आधी घाबरायचा, मग उमलायचा. मी ते बारकाईनं बघितलं. साडेचार वर्षांपूर्वी बघायला हवं होतं.

मुदतीला दोन दिवस असताना मिस्त्री विमानात बसला. जायच्या आदल्या दिवशी मालकांचं अंगण पुरं करून गेला. मी खड्डे पाडलेला हातभर तुकडाही त्याला नीट करायचा होता, पण मालकांनी हात धरला. तो तसाच राहू दे म्हणाले, घराच्या इतिहासात एक हिंदी आजीबाईही असू दे. अजून आहे तो. त्या कोपऱ्यातल्या कोरी तेवढ्या उजव्या अंगाला कललेल्या आहेत, आणि फार वाईट आहेत.

पंधरवड्यानं बाईनं फोटो पाठवला. नवं चोपलेलं खळं, त्यावर उलटे चांद, आणि कडेला वाळत घातलेले बोंबील. खाली आवाजाचा निरोप, "माणूस बारीक झालाय, पण हात तोच हाय."

या केसनं मला काय शिकवलं? खूण माणसाच्या अंगावर असते तशी त्याच्या कामातही असते, हे एक. ते मी माझ्या हाताखाली शिकलेल्यांना नेहमी सांगते. पण मोठी गोष्ट दुसरी आहे. तेहतीस वर्षं मी शिक्का मारत आले, आणि खालचा कागद लोक वाचतात असं समजत आले. गरीब माणूस शिक्क्यापाशीच थांबतो. त्याच्या पुढे तो भीतीनंच वाचतो. हरवलेल्या माणसाला शोधणारा कागद त्याला कसा दिसेल, हे मी एकदाही त्याच्या जागी उभं राहून पाहिलं नव्हतं.

आता त्या ठाण्याला माझ्याच हाताखाली तयार झालेली मुलगी फौजदार आहे. मिसिंग रजिस्टरला 'इसम मिळून आला' अशी नोंद तिनंच घेतली आणि मला फोनवर वाचून दाखवली. मी म्हटलं, "बाळ, एक काम कर. यापुढे बेपत्ता माणसाचं पत्रक काढशील तेव्हा माझं एक वाक्य घाल. मराठीत घाल, उर्दूत घाल, जो जे वाचत असेल त्यात घाल."

"कुठे घालू, मॅडम? खाली जागा नसते."

"खाली नको. बोधचिन्हाच्याही वर. मोठ्या अक्षरात."

ते वाक्य आता तिथे छापलं जातं: 'यांनी काहीही केलेलं नाही. घरी वाट बघताहेत.'